पोटात पाय

अजनीच्या डेपोत कंटेनरचं सील तोडलं
तेव्हा मे महिन्याचे सव्वाअकरा वाजले होते.
आधी ओकाझाकीची हवा बाहेर आली.
थंड नव्हती, नुसती कोंडलेली,
परगावी जाताना कुलूप लावलेल्या कपाटाची.
मग दिसली ती:
राखाडी, चार दारांची,
शाळेतल्या लिपिकासारखी ताठ बसलेली.

चिमूरकर साहेबांनी चष्मा कपाळावर सारला.
‘नऊ वर्षं जपानात राहून हेच आनलं काय?’
सुबोध काही बोलला नाही.
ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त निघाली.
माझ्या दोन बांगड्या तिच्यात गेल्या,
अन् वाडीच्या प्लॉटचे सहा हप्ते.
फॉर्मवर रकाना होता, वाहनाचे वर्णन.
कारकुनानं लिहिलं: सेडान, साधी.

तिकडेही तिच्याकडे कोणी वळून पाहत नसे.
लोकांना लाल हव्या असत, दोन दारांच्या,
पाठीवर पंख असलेल्या.
हिला दुकानदारानं मागच्या रांगेत भिंतीशी लावलेली,
काचेवरची किंमत दोनदा खोडून.
सुबोध तीन रविवार तिच्याभोवती फिरला,
वाकून खालून पाहिलं, कान लावला.
मला पाहायला एकदाच आला होता.
पोहे खाल्ले, हो म्हणाला, गेला.

रेडिओवर इथं नुसती खरखर.
त्याचे आकडे नव्वदला संपतात,
आपलं एफएम त्याच्या पुढं सुरू होतं.
मागच्या काचेवर तिथल्या पार्किंगचा गोल स्टिकर.
मी नखानं काढायला गेले,
तर म्हणाला, असू दे.

लांजेवार काकूंनी चपलेच्या टोकानं टायर टोचून पाहिला.
‘कायले एवढा खर्च केला वं बाई?
आमच्या जावयाची हिच्याहून मोठी हाय.’

गड्डीगोदामच्या फ्रान्सिस मिस्त्रीनं बॉनेट उघडलं,
पाहिलं,
आणि जाऊन साबणानं हात धुऊन आला.
मग मला बोलावलं.
‘वहिनी, हे बघा.’
इंजिनाच्या कुशीत लोखंडाची गोगलगाय,
शंख वळवून, तेलकट, गप्प.
‘धूर जातो ना बाहेर, तो ही फुकट जाऊ देत नाही.
त्याच्यावरच फिरते.
बाहेरून गोगलगाय दिसते, पण वहिनी...’
पुढचं मला ठाऊक होतं.

पहाटे पाचला उमरेड रोड रिकामा होता.
मी चालवत होते.
पाय दाबला. काही नाही.
एक.
दोन.
सुबोध सांगतो, याला लॅग म्हणतात.
मी याला इतकी वर्षं सुबोध म्हणत आले.
मग कोणीतरी पाठीला तळवा लावल्यासारखं झालं,
आरडाओरड नाही, नुसता एक लांब श्वास,
आणि पाचगाव आलं कधी, मागं पडलं कधी,
टपरीवाल्याची शेगडी एक ठिणगी होऊन गेली.
एकशे पाचवर गाडी बोलली:
किन्-कोन्. किन्-कोन्.
ओरडून नाही. एखाद्या पाहुणीनं
दार उघडंच असताना
अदबीनं कडी वाजवावी तशी.
मी हसले. किती मोठ्यानं, ते सुबोधला विचारा.
पाय मात्र बराच वेळ काढला नाही.

घरी आल्यावर लगेच बंद करायची नाही,
फ्रान्सिसनं बजावलंय.
गोगलगाय आत लाल झालेली असते,
तिला दोन मिनिटं द्यायची.
तर आम्ही फाटकाशी बसलो, इंजिन चालू,
उजाडताच तापायला लागलेलं नागपूर काचेबाहेर.
पहिलं मिनिट असंच गेलं.
दुसऱ्यात तो म्हणाला,
समोर पाहतच,
‘त्या भिंतीशी ती पावणेदोन वर्षं उभी होती.
मी विचारलं होतं.’

काटा खाली आला होता.
किल्लीवर हात होता माझा.
लांजेवार काकू दूध घ्यायला बाहेर आल्या,
थांबल्या, आमच्याकडे पाहत राहिल्या.
मी किल्ली फिरवली नाही.