रेघेवरचा चेंडू

शनिवारी उद्यमबागेत पहिली पाळी सुटली
की आप्पा डब्यासकट माझ्या शाळेच्या फाटकात.
भुवयांत फौंड्रीची काळी वाळू,
सायकलच्या हँडलला पिशवी.
"चल गं, कॉलेजांची मॅच हाय."

मी तेव्हा सातवीत.
आप्पाही सातवीच, तिथंच थांबलेले.
कॉलेजच्या आवारात पाऊल टाकायला
त्यांच्याकडं दुसरं कारण नव्हतं.

पायऱ्यांवर आम्ही कधी बसलो नाही.
गोलपोस्टाच्या मागं, शिरीषाच्या मुळीवर,
जी टीम हरत असेल
तिच्या गोलकीपरच्या पाठीशी.
हाफटाइमला बाजू बदलल्या की आम्हीही उठायचो,
गिरमिटाचा पुडा सांभाळत
अख्ख्या मैदानाला वळसा घालून
पुन्हा त्याच पोराच्या मागं.
"जिंकणाऱ्याला काय, सगळा गाव हाय."

डावीकडून "मार रे, मार",
उजवीकडून "होडी, होडी",
आणि चेंडू बारवरून गेला
की दोन्हीकडून एकच अय्यो.
पुड्याच्या कागदावरची कानडी अक्षरं मी जुळवायची,
चुकलं की आप्पा मैदानावरची नजर न काढता सांगायचे.
भट्टीवरच्या बसलिंगनं शिकवली होती त्यांना,
बारा वर्षं, एका डब्यात जेवता जेवता.

घरी ते बोलत नसत.
डावा कान मशीननं नेलेला,
म्हणून मी कायम उजवीकडं.
ऑफसाइड मला त्यांनी डब्याच्या झाकणावर
शेंगांची टरफलं मांडून शिकवली.
आई सहा महिने माहेरी का राहिली
तेही तसंच, टरफलं सरकवत, एकदाच.
शिट्टी कुणी वाजवली ते सांगितलं.
चूक कुणाची ते नाही.

एकदा चेंडू चुन्याच्या रेघेवर येऊन थबकला.
मी ओरडले, "बाहेर!"
"बाहेर कसला? रेघेवर हाय तवर आतच.
सगळाच्या सगळा पलीकडं गेला
तरच गेला म्हणायचं."
मागून कुणीतरी हसून विचारलं,
"मग आमच्या बेळगावचं काय म्हणायचं ओ?"
आप्पांनी त्याच्याकडं
हळूच डावा कान केला.

पुढं मी त्याच कॉलेजात गेले.
प्रवेशाच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले
आणि ऑफिस कुठं ते त्यांना सापडेना.
इतक्या वर्षांत मैदानापलीकडं
ते कधी गेलेच नव्हते.

आता मी पुण्याला. चार महिन्यांतून एकदा येते.
स्कूटर मी चालवते, ते मागं बसतात,
आणि तिसऱ्या गेटला रेल्वे आडवी आली
की घड्याळ बघतात.

परवा पोरींची मॅच होती.
हाफटाइमपर्यंत चार गोल खाल्लेली
एक बुटकी गोलकीपर,
वेणी जर्सीच्या आत खोचलेली.
शिट्टी झाली, सवयीनं उठले.
आप्पा उठले नाहीत.
गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले,
"तू हो पुढं."

पहिल्यांदाच एकटी वळसा घालून गेले.
पलीकडून बघितलं तर
शिरीषाखाली एवढासा माणूस,
हातात पुडा,
जिंकणाऱ्यांच्या पाठीशी, अवघडून बसलेला,
परक्याच्या लग्नात बसावं तसा.

मग मी मॅच बघायला लागले.
पाचवा गोल झाला.
मागं चपलांचा आवाज आला.
रेघ धरूनच चालत आले असणार,
अंगठ्यांना चुना लागला होता.
माझ्या डाव्या हाताला टेकले,
बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले.

"किती झाले?"
"पाच."
त्यांनी पुडा माझ्यापुढं केला.
गिरमिट पार मऊ पडलं होतं.
समोर ती पोर हातमोज्यांवर थुंकून
तळवे एकमेकांवर घासत होती.
अजून वीस मिनिटं होती.