अर्धा डेसिबल

सिंदेवाहीच्या अलीकडे, सागवनाच्या फाट्यावर
ॲम्प्लिफायरची खोली.
बॅटऱ्या, एक एसी, रजिस्टर, आणि डाकराम नन्नावरे,
जो दाराला आतून बाज लावून झोपतो,
कारण मागच्या महिन्यात वाघ येऊन
एसीच्या टपकत्या नळीखाली पाणी पिऊन गेला.

दीड वाजता नागपूरहून फोन:
सत्तेचाळीस नंबरच्या रंगावर चुका वाढल्यात,
पॉवर वाढवा.
वाढवली.
चुका आणखी वाढल्या.

स्क्रीनवर सोळा ठिपके असतात,
रोवणीतल्या पऱ्ह्यांसारखे, चार ओळी.
साधा गोंगाट त्यांना नुसता गोल फुगवतो.
आज ते वाकले होते, विळ्याच्या पात्यासारखे,
सगळे एकाच केंद्राभोवती.
म्हणजे बाहेरचं कुणी नाही.
प्रकाशाला प्रकाशाचाच भार झालाय.

कमी उजेडात काच फक्त काच असते.
उजेड जास्त झाला की ती
कुणाला दिसणार नाही इतकी बदलते,
आणि त्या बदललेल्या काचेतूनच त्याला जायचं असतं,
ओढ्यावरच्या फळीवरून मोळी घेऊन जावं तसं:
फळी लचकते ती आपल्याच वजनानं,
पाय चुकतो तो लचकलेल्या फळीवर.
आणि सोबत अजून पंच्याण्णव रंग
त्याच फळीवरून, आपापल्या घाईत.
कुणी कुणाला धक्का मारत नाही.
तरी लागतो.

माझा बाप दंडारीला भोंगे लावायचा.
"रुषीभाऊ, मागं आयकू येत नाही!"
तो खुंटी अर्धं पेर उलटी फिरवायचा.
मागं ऐकू जायचं.
भोंगा वरडते तवा बोलत नाही, म्हणायचा, बिडी पेटवत.
आता त्याचा डावा कान गेलाय.

नागपूरला न विचारता मी
अर्धा डेसिबल कमी केला. मग अजून अर्धा.
फार कमी करूनही चालत नाही,
मग ॲम्प्लिफायरचीच खरखर वर येते,
बोडी आटल्यावर गाळ दिसावा तशी.
मधे कुठंतरी एक जागा असते.
ठिपके सरळ झाले. पुरते नाही.

डाकराम उठून बसलेला.
"काऊन जी मॅडम, दिवा बारीक केला तं उजेड वाढते?"
कधी कधी, म्हटलं.
तो पुन्हा आडवा झाला.

पलीकडच्या टोकाला एक चिप आहे.
ती आलेल्या प्रकाशाला गणितातून
उलट्या पावली चालवत नेते
एकेक लचक काढत.
पण वाटेवरच्या खोल्याखोल्यांतून जी खरखर मिसळली
ती लचकेतच मुरून बसलेली.
तिथं चिप थांबते.
यात ओझं कोणतं, फळी कोणती, वारा कोणता,
उलट्या पावलांना ओळखू येत नाही.

रजिस्टरात लिहिलं:
वेळ २.४०. पॉवर एक डेसिबल कमी.
कारणाच्या रकान्यात जागा दोन बोटं.
पेन थोडा वेळ तसाच धरला.
मग लिहिलं, "ठीक."