संदर्भ कुठे?

ब्रॅडफर्डला लाँड्रीच्या वर खोली होती माझी.
खाली यंत्रं घुसळायची लोकांचे कपडे,
वर मी लोकांचे निबंध.
हजार शब्दांना अठ्ठावीस पौंड,
रातोरात हवे असतील तर छत्तीस.

गिऱ्हाइकांना नावं नव्हती, आकडे होते.
४४१७, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
चार-दोन चुका मुद्दाम राहू द्या म्हणे, संशय नको.
३९०२ ला व्यवसायातला प्रामाणिकपणा,
दोन हजार शब्द, सोमवारी नऊच्या आत.
लिहिले. मन लावून लिहिले.
पहिल्या वर्गात आला तो. की ती.

एक खोड होती मला.
प्रत्येक निबंधात एक वाक्य घरचं घालायचे.
३९०२ च्याच पुरवठा साखळीवरच्या पेपरात
इंग्रजीत लिहून गेले
की नाचता न येणाऱ्याला अंगण वाकडं दिसतं.
सरांनी खाली लाल रेघ ओढली:
प्रतिमा छान. संदर्भ कुठे?
घाबरून ते पान मलाच पाठवलं गेलं.
काय देणार संदर्भ?
चिपळूण, सातवी ब, खडू फेकून मारणाऱ्या सोमणबाई?
तळटीप रिकामी सोडली.

मग एप्रिलच्या शेवटी कायदा लागू झाला.
मालकाचा मेसेज: उद्यापासून बंद, राहिलेल्या पैशांचं बघू.
कायदा मी दोनदा वाचला, सवयीने,
मुद्दे काढत, समासात खुणा करत.
विकणारा गुन्हेगार. जाहिरात करणारा गुन्हेगार.
घेणाऱ्याचा उल्लेख नाही.
आणि लिहिणारीचं नाव, ते तर
कधीच कुठे नव्हतं.
चांगला कायदा. उशिरा आला इतकंच.
४४१७ आत्ता कुठल्याशा वॉर्डात
कुणाच्या तरी हातावर शीर शोधत असेल.

जुलैत सिटी हॉलसमोरून येत होते,
पिशवीत बटाटे आणि कोथिंबिरीची जुडी.
चौकभर काळे झगे, गोंडे, नवे बूट चावणाऱ्या आया.
चेहऱ्यांवर आकडे शोधत
मी जरा जास्तच वेळ थांबले असेन,
कारण एका मुलाने फोनच दिला हातात:
आमचा एक काढता का, प्लीज?
आई, बाप, व्हीलचेअरवर आजोबा,
मधे तो, पदवीची गुंडाळी छातीशी.
तीन काढले.
त्याने पाहिले, हसला. मस्त आलेत, म्हणाला,
फक्त या एकात कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय.
पण काही हरकत नाही,
कापता येतो.