अकरावा

रहिमतपूर रस्त्याला, वजनकाट्याच्या पुढं,
जिथं डांबर संपतं आणि नुसती खडी उरते
तिथून आत वळलो. गाडी बाभळीखाली.
खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली असतील.
उभ्या कातळात अजून सुरुंगाच्या भोकांच्या
अर्ध्या पन्हळी. बोट घालून पाहिलं:
गार, गुळगुळीत,
बासरी उभी चिरावी तशा.

खाली पाणी. हिरवंही नाही, निळंही नाही,
जुन्या बाटलीच्या बुडाचा रंग.
पारवे कपारीतून सुटतात, एक फेरी मारतात,
पुन्हा त्याच कपारीत.

मी आलो होतो बंकर बघायला.
कोरेगावात टपरीवर पोरं सांगत होती,
मिलिटरीचा हाय, इंग्रजांच्या वक्ताचा,
आतनं भुयार पार जरंड्याखाली निघतंय.
आपल्याकडं भुयार म्हटलं
की ते कुठंतरी निघतंच.

आमच्या गावात घरटी एक फौजी.
देवांच्या ओळीत पलटणीचा फोटो.
वडील सोळा वर्षं सरहद्दीवर, पूंछकडं.
सुट्टीला आले की काळी ट्रंक, अक्रोड, रमच्या दोन बाटल्या,
आणि मी विचारायचो, बंकरात काय असतं?
ओल असते, म्हणायचे.
दर वर्षी एवढंच.
पेन्शनीत आल्यावर ओसरीवर झोपले कायम,
थंडीत, झडीत, दार सताड टाकून.
ते गेले त्या महिन्यात मी चांगली बॅटरी विकत घेतली
आणि असल्या जागा हिंडायला लागलो.

गवत सारलं. तोंड कमरेएवढं.
वाकून आत. सात पावलं,
आठव्याला भिंत.
भुयार नाही, जरंडा नाही.
डोक्यावर रुळाचे तुकडे आडवे टाकून फरश्या घातलेल्या,
कोपऱ्यात साळिंदराचे दोन काटे,
गंजून जाळी झालेला रॉकेलचा डबा.
आणि भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा, ओळीनं.
नऊ. बारा. आठ. बारा.
प्रत्येक ओळीखाली एक आडवी रेघ ओढलेली,
शेवटच्या ओळीखाली नाही.

बाहेर आलो तर शेळ्या घेऊन एकजण उभा.
दुर्गाप्पा कुसमुडे. हातात काठी नव्हती, पहार होती,
सवयीची.
मिलिटरी? तो हसला. दात चार, सगळे खालचे.
आरं, ही आमची लपायची जागा.
वाती पेटवायच्या, लाल फडकं हलवायचं,
सुरूंऽऽग म्हणून बोंबलायचं, नि पळायचं हितं.
मग आवाज मोजायचे.
जेवढ्या वाती तेवढे आवाज, मंगच भाईर.

शेवटच्या दिवशी वाती अकरा होत्या.
आवाज दहा आले.
तिघं बसून राहिले दिवस मावळेपर्यंत.
मेव्हणा तिम्मा म्हणत होता, बघून येतो.
दोघांनी त्याचं धोतर धरून ठेवलं,
फाटलं तरी सोडलं नाही.
रात्रीतून कुठला तरी झरा फुटला होता,
सकाळी खाणीत पुरुषभर पाणी.
ठेकेदारानं क्रशर दुसऱ्या डोंगराला नेला
आणि पैसे दिले
दहाचेच.

मग अकरावा?
हाय की. खाली.
दारू भिजली असेल की एव्हाना.
भिजलीच आसंल. पर मोजायचा ऱ्हायलाय न्हवं.
एवढं बोलून शेळीच्या कानातली गोचीड काढत बसला.

मी पुन्हा आत गेलो. बॅटरी विझवली.
पाठ टेकली त्या रेघांच्या भिंतीला.
बाहेर घंटी वाजली, लांब कुठंतरी ट्रॅक्टर,
मग तेही नाही.
कशाची वाट बघत होतो सांगता येत नाही,
पण उठवेना.

रात्री जेवताना लेकीनं विचारलं,
पाठीवर काय एवढं काळं?
काय होतं तिथं?
तोच शब्द आला जिभेवर, आयता.
घासाबरोबर गिळला.
म्हटलं, बस इथं.
वाती अकरा होत्या.