आधुनिक उपद्रव

वीस नोव्हेंबरला जागा रस्तेखात्याच्या ताब्यात द्यायची.
त्याआधी बर्फ पडला तर बर्फासकट.
इवाकी डोंगराचा माथा आताच पांढरा झालाय.

सकाळचं पहिलं काम पाणी उपसण्याचं.
निळी ताडपत्री दुमडायची, रात्रीचं पाणी
स्पंजने टिपून बादलीत पिळायचं,
मग घर क्रमांक चौदा पुन्हा दिसू लागतं.
घर म्हणजे
पिवळ्या मातीत एक काळं वर्तुळ
आणि वर्तुळात सहा काळे ठिपके, जिथे खांब होते.
खांब कधीच कुजले.
खांबांच्या जागा तेवढ्या कुजायच्या राहिल्या.

रोजंदारीवर अकरा बायका आहेत,
सर्वांत लहान एकसष्टची.
गुडघ्यांना रबरी पट्टे, मानेवर टॉवेल,
हातात खुरपं, सफरचंदांखालचं गवत काढायचं तेच.
फुसाए-सान खुरप्याच्या आवाजावरून सांगतात,
"इथे आधी कुणीतरी खणलंय. माती पोकळ बोलते."
मी रंगांचं पुस्तक उघडतो, ढेकूळ पानाशी धरतो,
आकडा लिहितो.
"तीन वर्षं मुरलेला मिसो," त्या म्हणतात, "असं लिहा."
मी लिहीत नाही. रकाना लहान आहे.

घराच्या उत्तर कडेला जमीन फाटलेली होती,
एक जाड मूळ चुलीच्या दगडांतून आरपार गेलेलं.
नकाशावर मी ते तुटक रेषेने काढलं
आणि शेजारी नेहमीचे दोन शब्द लिहिले.
फुसाए-सान चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या.
"काय लिहिलंत?"
"आधुनिक उपद्रव."
त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या खड्ड्यातून
कियो-सानने डोकं वर काढलं.
"अहो, हा उपद्रव माझ्या सासऱ्यांनी लावला,
युद्धावरून परतले त्या वसंतात.
सत्तरच्या वर वर्षं फळं दिली याने.
कापायला माणसं आली तेव्हा
मी दार लावून रेडिओ मोठा केला होता."
मग हसू आवरून मुळाभोवतीची माती
ब्रशने काढू लागल्या,
चुलीच्या दगडांभोवती काढतात तशीच, दमाने.

तुकडा बुधवारी सापडला. मुळाच्याच खाली.
तळहाताएवढी भाजलेली माती,
वरच्या कडेला दोरी ओवण्याचं भोक,
मधोमध पाऊल. पाच बोटं, करंगळी जेमतेम.
फुसाए-सानने हातमोजा काढला.
"किती वर्षांचं?"
"साडेतीन हजार असेल," मी म्हणालो, "नक्षीवरून, पण नक्की..."
"तसं नाही हो. मूल किती वर्षांचं?"

मला सांगता येईना.
पुस्तकात म्हटलंय, कदाचित वाढीची खूण म्हणून ठसा घेत,
कदाचित मूल गेल्यावर, घरात टांगायला.
'कदाचित' या शब्दावर आमचं खातं चालतं.
त्यांनी तुकड्याला हात लावला नाही,
हवेतच अंगठा आणि तर्जनी ताणून माप घेतलं.
"दीड. उजवा पाय.
टाच नीट टेकलेली नाही, काखेत धरून उभं केलंय कुणीतरी."
आणि बऱ्याच वेळाने,
"रडलं असणार. ओली माती गार लागते."

हे मात्र मी लिहिलं. रकान्याबाहेर, पेन्सिलने.

कायद्यात आमच्या कामाला नाव आहे, नोंदरूपी जतन.
म्हणजे मोजा, रेखाटा, फोटो घ्या
आणि मग यंत्राला हात करा.
दोन मीटर माती ट्रक नेतील, तिच्यातून ते घर जाईल.
मागे चार खोकी आणि एक अहवाल, प्रती तीनशे.

एकोणीसला दुपारी खोदयंत्राचा चालक कासाई
केबिनमधून उतरला, कानामागे सिगारेट.
"खाली काही उरलंय का?"
त्याला हे विचारावंच लागतं, मला सही करावीच लागते.
मी सही केली. शिल्लक नाही.

फुसाए-सान सायकल धरून फाटकाशी उभ्या होत्या,
मागच्या टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मूळ,
दोन हात लांब, दोन्हीकडून बाहेर आलेलं.
नियमाने ते कुणाचंच नव्हतं,
अवशेषात नाही, राडारोड्यातही नाही.
"शेगडीत घालणार?" मी विचारलं.
"बघू," त्या म्हणाल्या, "आधी वाळू तर दे."