सहावी नळी

कागदावर इमारत नऊ मजल्यांची,
ग्लदानीत अजून नुसता खड्डा
आणि त्यात साचलेलं मार्चचं गढूळ पाणी.
मी पेन्सिलीने एक उभी रेघ ओढते,
तळघरापासून गच्चीपर्यंत.
"ही काय?" मालक विचारतो.
भिंतींना कान असतात म्हणतात. कानांचं मला ठाऊक नाही,
पण घसा द्यावा लागतो त्यांना,
आणि तो आधी आखावा लागतो.

मालकाला घसा नको, कपाट हवंय.
दर मजल्यावर तेवढी जागा विकली
की नऊ कपाटं, हिशेब तयार आहे त्याचा.
माझाही आहे:
दारं छत्तीस, दाराला दोन तंतू काचेचे,
एक बोलेल, एक गप्प राहून वाट पाहील.
वळणं सावकाश, काच काटकोन मानत नाही.
वीज आणि निरोप शेजारी राहोत खुशाल,
पण वीतभर सोडून,
नाहीतर एकीची गुणगुण दुसरीच्या बोलण्यात शिरते.
सिमेंट एकदा आवळलं
की मग छिन्नी आणि शिव्या.

रस्त्यापलीकडे बघा, म्हणते मी.
तिथे कुणीच काही ठरवलं नव्हतं.
खिडकीतून गच्चीवर, गच्चीवरून झाडावर,
झाडावरून कुणाच्या तरी द्राक्षांच्या मांडवावर केबली.
त्यातली कुठली जिवंत, कुठली मेलेली
हे फक्त नोदारला कळायचं,
आणि नोदार आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो.

त्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, आम्ही राहायचो.
दिवे नव्हते त्या हिवाळ्यात मी सात वर्षांची.
लिफ्ट बंद, शेगडी रॉकेलची,
शाळेत कोट घालूनच बसायचं.
जागा असायचा तो एकटा टेलिफोन.
त्याची वीज त्याच्याच तारेतून यायची, लांबून,
चिमूटभर,
आवाजापुरती.
तो वाजला की अख्खा जिना आमच्या दारात.
सातव्या मजल्यावरची त्सियाला
मेणबत्ती माझ्या हातात द्यायची
आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची.
पोतीहून मुलगा बोलतोय,
किंवा बोलत नाहीये, नुसता श्वास घेतोय,
आणि ती म्हणतेय, हं. हं. जेवलास?
मी भिंतीकडे बघत राहायची:
रंगाखालून गेलेली तार,
माझ्या करंगळीहून बारीक,
तेवढ्यातून तो आलेला.
मेण बोटांवर सांडायचं.

हे मी मालकाला सांगत नाही.
पाच नळ्या त्याला पटतात:
फायबर, दारावरची घंटा, आगीची सूचना, कॅमेरे,
अडकलेल्या लिफ्टमधून हाक मारायची तार.
"आणि ही सहावी?"
"रिकामी."
"कशासाठी?"
"माहीत नाही."
"म्हणजे मी माहीत नसलेल्या गोष्टीचे पैसे द्यायचे?"
"हो."

तो हसतो. मुकादम वाझाही हसतो,
पण वाझाने तीस वर्षं लोकांच्या भिंती फोडल्यात,
त्याचं हसू वेगळ्या घराण्यातलं.
"रिकामी ठेवायची तर आत दोरी सोडा, बाई," तो म्हणतो,
"नाहीतर पुढचा माणूस काय फुंकर मारणार?"

मालक घड्याळ बघतो.
दहा इंच मागतो, मी चार देते.
कपाटं उथळ होतील. छत्र्या मावतील.

सप्टेंबरात शेवटची फरशी ओतून झाल्यावर
वाझा वरून दोरी सोडतो,
निळी, नायलॉनची, टोकाला नटाचं वजन बांधलेली.
नट भिंतीतून खडखडत उतरतो मजल्यामागून मजला
आणि तळघरात माझ्या बुटाशी येऊन थांबतो.
मी त्यावर चिठ्ठी बांधते: ओढा.
कुणासाठी, ते लिहायला जागा नाही, आणि नावही नाही.

जाता जाता मीच जरा ओढून बघते.
वरून कुणीतरी परत ओढतं.
वाझाच असणार,
त्याचा जेवणाचा डबा अजून गच्चीवर आहे.