दिवसाला चार मिनिटं

स्ट्रेलवित्झच्या मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या.
माझ्या डाव्या गुडघ्याला त्या तोंडपाठ आहेत.
रोज सकाळी वर जाते, चावी देते,
रेडिओच्या ठोक्यांवर काटा पुढे ढकलते.
दिवसाला चार मिनिटं मागे पडतं हे घड्याळ.
उद्या पुन्हा तेच.

नगरपालिकेची पोरगी आली होती, हातात नकाशे.
गोड बोलली :
"पेट्झोल्डबाई, वेळ आता प्रत्येकाच्या खिशात असते.
इथे भिंतीवर चढाईचा सराव होईल, वेदीपाशी कॉफी.
रंगीत काचा तशाच ठेवू, फरशीवर रंग छान पडतो."
छान पडतो, खरंच.
मी तिला बिस्कीट दिलं.
उजेड कुठून येतो ते तिने विचारलं नाही,
आणि मला ते आयुष्यात कधी
पटकन सांगता आलेलं नाही.

चौदाव्या वर्षी मुख्याध्यापकांनी वर्गात उभं केलं होतं :
"गुंडुला, माणूस अंतराळात जाऊन आला.
भेटला का त्याला तुझा देव?"
वर्ग हसला. मी बुटांकडे पाहत राहिले.
नाव मात्र मागे घेतलं नाही,
म्हणून पुढचं शिक्षण बंद,
आणि तीस वर्षं मोज्यांचा कारखाना.

उत्तर सुचलं तेव्हा चाळिशी उलटली होती.
पहिल्यांदाच उघडलं होतं हे घड्याळ.
दाते, चाकं, काळं तेल, एक मेलेली पाकोळी.
सगळं हाताने चाचपलं.
वेळ कुठेच नव्हती.
पण मुख्याध्यापक तोवर वारले होते.

माझा फाल्क भिंगं घासतो, येनाच्या कारखान्यात.
तो मानत नाही. खोटंही बोलत नाही.
"बाबांच्या फुफ्फुसांत कारखान्याची पूड साचत होती,
तेव्हा कुठे होता तो?"
या प्रश्नाला मी खुर्ची देते.
जेवायला वाढते.
एकेहार्टच्या उशाशी मीही हाच विचारला होता,
रात्री तीनला, मोठ्याने,
आणि विचारलं होतं ते त्यालाच,
दुसरं कोण होतं जागं?

मग पूर आला. मुल्डे नदी बेकरीत शिरली,
श्राडेंचा गोठा घेऊन गेली.
पाणी उतरलं त्या आठवड्यात एक तरुण आला बाहेरून,
इस्त्रीचा शर्ट, हातात ध्वनिक्षेपक :
"ही शिक्षा आहे! पापी गावाला प्रभूची शिक्षा!"
श्राडेची म्हातारी चिखलात उभी राहून ऐकत होती.

मला मुख्याध्यापकांचा इतका राग कधी आला नव्हता.
ते म्हणायचे, देव नाही.
हा म्हणत होता, आहे,
आणि तो माझ्यासारखा आहे.

त्याची वायर आमच्याच चर्चच्या प्लगमध्ये होती.
मी ती उपटली.
"बाळा," म्हटलं, "ज्याला तू न्यायाधीश म्हणतोस
त्याच्या तळहाताला भोकं आहेत.
फावडं तिकडे आहे."
तो गेला. फावडं तिथेच राहिलं.

पुराच्या रात्री घंटा मी हाताने वाजवली होती, वीज नव्हती.
सारं गाव आलं वाळूची पोती भरायला.
कशावरच विश्वास नसलेली माणसं
पहाटे बाकांवर ओळीने झोपली, चिखलासकट.
नगरपालिकेची पोरगीही, बूट उशाला घेऊन.
मी वेदीवरचं कापड काढून तिच्यावर घातलं.
त्यासाठी कुठलं वचन शोधत बसले नाही.

फाल्क सकाळी माझ्यामागे वर चढला.
बराच वेळ चाकांकडे पाहत उभा.
"आई, लोलक केसभर वर घ्यायला हवा, बस."
घेतला.
आता दिवसाला एकच मिनिट मागे पडतं.

मी विचारलं, "मग? वेळ आहे, हे तरी मान्य?"
त्याने बोटांचं तेल फडक्याला पुसलं,
हसला नाही, चिडलाही नाही.
"पायऱ्या ओल्या आहेत," म्हणाला,
"माझा हात धर."